थोरल्या काकांच्या खोलीतली मुलाखत

"कुठलीही संस्था पैशावर चालत नाही, इमारतीवर चालत नाही आणि माणसांवर तर मुळीच चालत नाही! संस्था चालते ती सल्ल्यावर!"

सल्लागारसाहेबांनी हे आरशातल्या स्वतःला ठणकावून सांगितलं. आरशातल्या साहेबांनी तत्काळ मान डोलावली. त्या घरात साहेबांचं म्हणणं बिनशर्त मानणारी तेवढी एकच व्यक्ती होती.

"अहो," मागून पत्नीचा आवाज आला, "शर्टाची बटणं एक घर खाली लागलीयेत. आधी ती सोडवा, मग संस्था चालवा."

साहेबांनी खाली पाहिलं. शर्टाची डावी बाजू उजवीपेक्षा चांगली दोन बोटं वर गेली होती. पण ज्या बाईने तीस वर्षं मुख्याध्यापिका म्हणून पोरांची बटणं तपासली, तिच्यासमोर चूक कबूल करणं म्हणजे छडीसाठी हात पुढे करणं!

"कोटाखाली कोण बघतंय?" ते म्हणाले आणि कोट चढवून मोकळे झाले.

"बरं. पण तिथं जाऊन कुणी विचारल्याशिवाय सल्ला देऊ नका."

"विचारल्याशिवाय देतात त्यालाच सल्ला म्हणतात! विचारल्यावर देतात ते उत्तर!"

असं म्हणून साहेब बाहेर पडले. वाक्य इतकं झकास जमलं होतं, की चष्म्याची डबी टेबलावरच राहिली. ती घ्यायला परत आले, तेव्हा पत्नीने डबी हातात दिली. वाक्याची सगळी शोभा गेली.

आता मंडळी, साहेब कशाचे सल्लागार, ते सांगायला हवं. पंख्यांच्या कंपनीत खरेदी विभागात हयात घालवून ते निवृत्त झाले होते. तरुणपणी विद्यापीठाच्या व्यवस्थापन महाविद्यालयातून पदवी घेतलेली. त्या महाविद्यालयाने आपल्या जुन्या विद्यार्थ्यांचे दोन गट केले होते. ज्याच्याकडे देण्यासारखं काही असेल तो देणगीदार, आणि ज्याच्याकडे सांगण्यासारखंच असेल तो सल्लागार. साहेब दुसऱ्या गटात होते. 'सदस्य, माजी विद्यार्थी सल्लागार मंडळ' अशी पाचशे कार्डं त्यांनी छापून घेतली होती. पैकी चाळीस वाटून झाली होती. त्यातली दोन दंतवैद्याला, कारण पहिलं दिल्याचं साहेब विसरले होते.

मंडळाचा कायदा मात्र कडक होता. सदस्यत्व तीन वर्षांचं. तीन वर्षांत तुमची निदान एक तरी सूचना अमलात यायला हवी आणि मुदत संपताना ती चालू असायला हवी. नसली, तर पुष्पगुच्छ, टाळ्या आणि दरवाजा! साहेबांनी तीन वर्षांत एक्केचाळीस सूचना दिल्या होत्या. चाळीस विचाराधीन होत्या. विचाराधीन म्हणजे कपाटात.

एक मात्र अमलात आली होती, आणि तिच्यावर साहेबांची सगळी मदार होती. "खोल्यांवरचे नंबर काढून टाका!" ते एका बैठकीत टेबलावर हात आपटून म्हणाले होते. "नंबराला कोण देणगी देतं? खोल्यांना नावं द्या, नावं!"

ही सूचना ऐकून कापडाच्या व्यापारातलं एक घराणं पुढे आलं आणि त्याने अख्खा दुसरा मजलाच पदरात घेतला. मजल्यावर नऊ खोल्या, घराण्यात नऊ ज्येष्ठ. सगळंच जुळून आलं! तेव्हापासून त्या मजल्यावर थोरले काका कक्ष, मधले काका कक्ष, धाकटे काका कक्ष, थोरली आत्या कक्ष अशी ओळ लागली. प्रत्येक खोलीत त्या त्या ज्येष्ठाची तसबीर. तिन्ही काका एकाच छायाचित्रकाराकडे, एकाच टोपीत आणि बहुधा एकाच कोटात बसून आले होते. फरक फक्त मिशांचा. थोरल्यांच्या वर वळलेल्या, धाकट्यांच्या खाली. मधल्यांनी कुठल्याच बाजूला जायचं टाळलं होतं.

साहेबांची मुदत आज संपत होती. दुपारी बैठक होती. त्याआधी सकाळी अकराला नोकरी सांभाळून शिकणाऱ्या विद्यार्थ्यांच्या सराव-मुलाखती घेण्याचं काम डीनबाईंनी साहेबांवर सोपवलं होतं.

"मुलाखती धाकटे काका कक्षात," कार्यालयातल्या ताईंनी तीनदा बजावलं. मंडळाची इतिवृत्तं लिहिणाऱ्या या ताई बोलायच्या कमी, लिहायच्या जास्त. "थोरले काका कक्षात आज मोठे पाहुणे येणार आहेत. नव्या वाचनालयासाठी. तिकडे कुणी फिरकायचं नाही."

"ताई, या खोल्यांना नावं देण्याची कल्पना कुणाची?"

"तुमची."

"मग मला खोल्या सांगता?"

आणि साहेब तडक निघाले ते दारावरची पाटी न वाचताच थोरले काका कक्षात जाऊन बसले.

खोलीत पांढऱ्या चादरीचं टेबल होतं. फुलदाणी होती, चहाची किटली होती, दोन प्रकारची बिस्किटं होती. साहेबांचा ऊर भरून आला. तीन वर्षांत मंडळाने त्यांना फक्त पाणी पाजलं होतं. 'मुदत वाढवणार म्हणून आधीच सत्कार चाललाय,' त्यांनी ताडलं. दोन बिस्किटं खाऊन त्यांनी गुणपत्रिका पुढे ओढली. उमेदवारांची यादी उलटी करून ठेवली, कारण नाव कळलं की परीक्षक पक्षपाती होतो, हे त्यांचं तत्त्व होतं. ही त्यांची सदतिसावी सूचना, विचाराधीन.

दारावर टकटक झाली.

आत आले ते साठीच्या घरातले एक गृहस्थ. अंगात चुरगळलेला बुशशर्ट, पायात चपला, हातात कापडी पिशवी. चेहरा असा, की बँकेच्या रांगेत त्यांच्या पुढे कुणीही घुसावं.

"हेच का ते? थोरले... धाकटे... कुठले तरी काका?"

"हेच. या. उशीर झालाय तुम्हाला!"

"माफ करा हं. खोली सापडेना."

"उमेदवाराने सबब सांगू नये," असं म्हणत साहेबांनी 'पोशाख' या रकान्यात दहापैकी दोन लिहिले. या वयात शिकायची हौस म्हणजे कौतुकच, पण कौतुकाला रकाना नव्हता. "बसा. ताठ बसा!"

गृहस्थ दचकून ताठ बसले.

"सांगा स्वतःबद्दल."

"काय सांगू? झाकणं करतो."

"कसली?"

"बाटल्यांची, डब्यांची, बरण्यांची. ज्याला तोंड आहे त्याची."

"म्हणजे झाकणांच्या कारखान्यात आहात. किती वर्षं?"

"पस्तीस."

"पस्तीस वर्षं एकाच जागी!" साहेबांनी चष्मा काढला. "बढती किती वेळा?"

गृहस्थ विचारात पडले. "एकदाही नाही."

"का?"

"माझ्यावर कुणी नाहीच तिथं."

"म्हणजे वरची जागा रिकामी आहे, आणि तरी तुम्हाला दिली नाही!"

या बाजूने गृहस्थांनी कारखान्याकडे कधी पाहिलंच नव्हतं. "खरंय की," ते हळूच म्हणाले.

"पडखाऊ स्वभाव," साहेब मोठ्याने बोलत लिहू लागले. "आत्मविश्वास, तीन. पाच वर्षांनी स्वतःला कुठे पाहता?"

"डॉक्टर म्हणतात, पाहिलं तरी पुष्कळ झालं."

"ध्येय अस्पष्ट. याआधी मुलाखत कधी दिलीय?"

गृहस्थांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच काहीतरी हललं. "नाही हो. द्यायची होती. याच महाविद्यालयात होतो मी. पंख्याच्या एका कंपनीची माणसं येणार होती मुलाखती घ्यायला. मी नवा शर्ट शिवून घेतला होता. आदल्या आठवड्यात वडील गेले आणि झाकणं गळ्यात पडली. मुलाखत राहिली ती राहिलीच. नंतर मीच सगळ्यांच्या घेत बसलो."

शेवटचं वाक्य नीट ऐकलं असतं, तर पुढचं सारं टळलं असतं. पण साहेब 'पंख्याच्या कंपनी'पाशीच अडकले होते. त्या मुलाखती तेही देऊन आले होते आणि निवडही त्यांचीच झाली होती. हा समोरचा माणूस आला असता, तर काय झालं असतं? साहेबांनी त्याच्याकडे जरा ममतेने पाहिलं, एक बिस्किट पुढे सरकवलं आणि प्रश्नांचा सूर बदलला.

"हे बघा, मनावर घेऊ नका. अजून वेळ गेलेली नाही. मला सांगा, तुमचा सगळ्यांत मोठा दोष कुठला?"

"मला नाही म्हणता येत नाही," गृहस्थ झटकन म्हणाले. जणू हा प्रश्न कुणी विचारावा म्हणून पस्तीस वर्षं थांबले होते. "लोक येतात, मागतात, मी देऊन टाकतो. मेहुणे मागतात, शेजारी मागतात. मागे एकाने पोहण्याचा तलाव मागितला. तो बांधला, तर म्हणाला आता पाणी पण द्या! आजसुद्धा एक बाई मागणार आहेत."

"आणि तुम्ही देणार?"

"देणारच की. काय करू?"

"हेच! हेच तुमच्या बढतीच्या आड आलंय!" साहेब खुर्चीवरून उठले. इथे त्यांना पत्नीचे शब्द आठवायला हवे होते. पण समोर बसलेला माणूस त्यांचा सल्ला चक्क पिशवीतून वही काढून लिहून घेत होता! असं तीन वर्षांत मंडळात झालं नव्हतं आणि तीस वर्षांत घरात झालं नव्हतं. "उठा! उभे राहा. समजा मी ती बाई आहे. मी म्हणते, अहो, द्या ना. तुम्ही काय म्हणाल?"

"किती देऊ?"

"चूक! म्हणा, नाही!"

"ना... ही."

"हे नाही झालं? ही खोकल्याची उबळ झाली! पोटातून म्हणा!"

"नाही!"

"शाब्बास! आता रडवेल्या आवाजात मागते. अहो, द्या ना, वचन दिलं होतंत!"

"नाही! नाही देणार!"

"अजून मोठ्याने! पार जिन्यापर्यंत गेलं पाहिजे!"

"नाही! एक पैसासुद्धा देणार नाही! वीट देणार नाही!" गृहस्थांचा चेहरा लाल झाला होता, डोळे चमकत होते. पस्तीस वर्षांची झाकणं एकदम उडाली होती.

आवाज खरोखरच जिन्यापर्यंत गेला. कारण दार उघडलं आणि दारात डीनबाई उभ्या होत्या. त्यांच्या मागे इतिवृत्ताची वही छातीशी धरून ताई. आणि दोघींच्या मधे, गडद नव्या सुटातले, हातात भलामोठा पुष्पगुच्छ घेतलेले एक चाळिशीचे गृहस्थ.

बाहेर काय घडलं होतं, ते मागाहून जुळवलं तेव्हा कळलं, ते असं. वाचनालयासाठी यायचे ते मोठे देणगीदार फोटो काढू देत नसत, त्यामुळे त्यांचा चेहरा कुणाला ठाऊक नव्हता. ते स्वतःची छोटी गाडी स्वतः चालवत मागच्या फाटकाने आले. पुढच्या फाटकावर डीनबाई गुच्छ घेऊन उभ्या. तिथं टॅक्सीतून उतरले ते बँकेत नोकरी करणारे, मुलाखतींच्या यादीतले पहिले विद्यार्थी. सूट दुकानातून परवाच आलेला.

"आपलीच वाट पाहत होते!" डीनबाई म्हणाल्या आणि गुच्छ हातात कोंबला.

दुसरा कुणीही 'मॅडम, काहीतरी घोटाळा होतोय' म्हणाला असता. पण आठ दिवसांपूर्वी सूचनाफलकावर एक कागद लागला होता. 'सराव-मुलाखतीत उमेदवारास अनपेक्षित प्रसंगात टाकून पाहिले जाईल. गोंधळू नये. आत्मविश्वासाने निभावून न्यावे.' खाली सही कुणाची, हे सांगायला हवं का?

बँकवाले गोंधळले नाहीत. निभावत राहिले! डीनबाईंनी वाचनालयाची मोकळी जागा दाखवली, तर म्हणाले, "इथं सात मजले हवेत." किती पुस्तकं, विचारलं, तर म्हणाले, "मोजू नका, मापाने घ्या." दर्शनी भागात आपला अर्धपुतळा बसवू का, विचारलं, तर म्हणाले, "अर्धाच का?" डीनबाई एवढ्या हरखल्या होत्या, की ताईंना सगळं शब्दशः लिहून घ्यायला सांगत होत्या.

आणि आता सगळे थोरले काका कक्षाच्या दारात उभे होते.

"सल्लागारसाहेब! तुम्ही इथं काय करताय? आणि हे कोण ओरडतायत?"

"मुलाखत चाललीय, बाई. उमेदवार सुधारतोय!"

"पण मुलाखती धाकटे काका कक्षात आहेत!"

"हाच तो कक्ष," म्हणत साहेबांनी भिंतीकडे बोट दाखवलं. मग स्वतःच भिंतीकडे पाहिलं. मिशा वर वळलेल्या होत्या.

साहेबांची नजर मिशांवरून फुलदाणीवर, फुलदाणीवरून बिस्किटांवर आणि बिस्किटांवरून समोरच्या बुशशर्टावर आली.

"मॅडम," बँकवाल्यांनी नम्रपणे विचारलं, "माझी संपली का मुलाखत? किती मिळाले?"

डीनबाईंनी सूट पाहिला. मग बुशशर्ट पाहिला. मग चपला. "म्हणजे... आपण... झाकणांचे..."

"हो. मीच तो."

"आणि आत्ता जे 'वीट देणार नाही' म्हणालात..."

"बरोबर म्हटलं ना?" झाकणशेठांनी मोठ्या आशेने साहेबांकडे पाहिलं.

डीनबाईंनी जवळ येऊन, हसू तसंच ठेवून, फक्त ओठांतून म्हटलं, "साहेब, आज तुमची मुदत संपतेय. लक्षात आहे ना?"

"शेठ," साहेब कसेबसे म्हणाले, "तो झाला पहिला धडा. दुसरा धडा असा, की... प्रत्येक वेळी नाही म्हणायचं नसतं."

"मग कधी म्हणायचं?"

"अं... मनातून नाही असेल तेव्हा."

झाकणशेठांनी तेही वहीत लिहून घेतलं. खाली रेघ ओढली. मग ताठ बसले, साहेबांनी शिकवल्याप्रमाणे अगदी ताठ, आणि म्हणाले, "विचारा बाई. एकेक विचारा."

डीनबाईंनी ताईंच्या वहीत डोकावून सुरुवात केली. "सात मजले..."

"नाही! पुस्तकांना लिफ्टची वाट पाहायला लावू नका. दोन पुरेत."

"अर्धपुतळा..."

"नाही!"

"पूर्ण पुतळा?" बँकवाल्यांनी सुचवलं.

"नाही! नाही! नाही!" प्रत्येक नकारागणिक शेठ वर्षभराने तरुण होत होते.

"आणि..." डीनबाईंनी डोळे मिटले, "वाचनालय?"

शेठ थांबले. किती तरी वेळ थांबले. साहेबांना त्या थांबण्यात आपली उरलेली चारशे साठ कार्डं एकामागून एक रद्दीत जाताना दिसली. घरी बसून मटार सोलणारे आपण दिसलो. समोर पत्नी, एकही शब्द न बोलणारी!

"हो," शेठ म्हणाले. "बघा, हे 'हो' कसं वजनदार आलं! नुसतं मागितलं म्हणून देणं वेगळं. पहिल्यांदाच कळलं मला."

डीनबाई मटकन खुर्चीत बसल्या. बँकवाल्यांनी आनंदाच्या भरात पुष्पगुच्छ ज्याचा त्याला देऊन टाकला. शेठ उठून साहेबांपाशी आले आणि त्यांचे दोन्ही हात हातात धरले. "पस्तीस वर्षांत मला कुणी ताठ बस म्हणालं नव्हतं हो! सगळे म्हणतात, शेठ, आरामात बसा. तुम्ही माझी राहिलेली मुलाखत घेतलीत. फक्त एक विचारू? पोशाखाला दोनच दिलेत मला?"

"ते आपलं... नियमानुसार..."

"नाही, बरोबर आहे. पण तुमची बटणं एक घर खाली लागलीयेत."

साहेबांनी कोट घट्ट ओढून घेतला.

"ताई, लिहा!" डीनबाईंना आता कंठ फुटला होता. "वाचनालय मंजूर! आणि सल्लागारसाहेबांमुळे मंजूर, तेही लिहा! शेठ, आम्ही आपल्यासाठी काय करू? दारावर नाव? कोनशिला?"

"नाही!" शेठ सरावाने म्हणाले. "काही नको. एवढीशी विनंती आहे."

"बोला ना!"

"मघाशी मी या मजल्यावर अर्धा तास फिरत होतो. थोरले काका, मधले काका, आत्या, काकू... एक दार उघडलं तर आत पंचवीस माणसं बसलेली! मला वाटलं कुणाच्या तरी घरात घुसलो, चपला काढून माफी मागून आलो. तसबिरी राहू देत हव्या तर. पण तेवढे खोल्यांवर नंबर टाका बुवा."

"आजच टाकते!" डीनबाई टाळ्या वाजवत म्हणाल्या. "ताई, घ्या लिहून! खोल्यांना नंबर!"

ताईंनी वहीची मागची पानं उलटली. सल्लागारसाहेबांचं पान काढलं. एक्केचाळीस ओळी, त्यातल्या चाळिसांपुढे 'विचाराधीन' आणि एकीपुढे हिरव्या शाईत 'अमलात आली, चालू'. त्या हिरव्या ओळीवर ताईंनी पट्टी ठेवली आणि लाल पेनाचं टोपण काढलं. मंडळाचा कायदा त्यांच्याइतका कुणालाच पाठ नव्हता.

पलीकडे डीनबाई आणि शेठ चहा ओतून घेत होते. बँकवाले बिस्किटं संपवत होते. भिंतीवरून थोरले काका मिशांना पीळ देऊन पाहत होते. सल्लागारसाहेब हळूच ताईंच्या बाजूला सरकले, एका हाताने कोट धरला आणि कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाले,

"ताई, ती ओळ खोडू नका ना. तिच्याखालीच लिहा, सूचना बेचाळिसावी, नंबर परत टाकावेत. माझ्याच नावावर."